जिची वात तिच्या हाती

वाती वळायला बसलं की कापसाचं तूस पदराला चिकटतं. झटकलं तरी जात नाही, आणि संध्याकाळी बघावं तर पदर पांढरा! आमच्या महिला मंडळाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक आठवला की त्याला धरून दुसरा येतो. परवा हळदीकुंकवाला आलेल्या पोरींना सांगत बसले, तर सगळ्यांचा चहा निवून गेला. म्हटलं, आता लिहूनच काढावेत.

गाव आमचं आंजीच्या पुढचं. काळ ऐंशीच्या आसपासचा. वर्ध्याच्या एका संस्थेनं गावाला फंड द्यायचं ठरवलं. अट एकच. तो कशावर खर्चायचा ते गावातल्या बायांनी मिळून ठरवायचं, आणि सगळ्यांचं एकमत होईस्तोवर फंडाला हात लावायचा नाही. संस्थेचा कार्यकर्ता खांद्याला झोळी लावून सायकलवर यायचा. वयानं माझ्या धाकट्या दिराएवढा, पण आम्ही त्याला दादाच म्हणायचो.

* * *

पहिली मीटिंग मारुतीच्या देवळात. दादानं विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

सगळ्या एका सुरात, "शिलाई मशीन!"

तो लिहायला लागला. मग सहज म्हणाला, "शिवता कोणाकोणाला येतं?"

कोणालाच येत नव्हतं.

"मग मशीन कशाला?"

आमच्यात सर्वांत वडील भागीरथी मावशी. त्या म्हणाल्या, "देनारे मशीनच देतेत बाप्पा! आपन त्याइले काऊन अडचनीत टाकाव?"

हसू ओसरल्यावर मागून एक बारीक आवाज आला. नाल्यापलीकडच्या गोंडांच्या वस्तीवरची, टोल्यावरची शेवंता. "मले मशीन नोको. मी कापूस वेचतो तवा बंडूले कडूलिंबाले बांधून ठेवतो. रडू रडू झोपते तो. त्याले कोनी पाह्यलं त बरं होईन."

आता कोणी हसलं नाही. पाळणाघर हा शब्द दादानं दिला, पण गरज तिनं सांगितली.

* * *

"ज्यांना पसंत आहे त्यांनी हात वर करा," दादा म्हणाला. एकही हात वर गेला नाही. जाणार कसा? हात वर केला की डोक्यावरचा पदर घसरतो, आणि समोर सासवा बसलेल्या!

त्या वर्षी माझा लाख वातींचा नेम चालू होता, त्यामुळे पिशवीत वाती असायच्याच. मी प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवली. पटलं तिनं वात ताटात टाकायची, नाही पटलं तिनं मुठीत ठेवायची. सगळ्या वाती ताटात आल्या की मारुतीपुढं दिवा लावायचा. ठराव पास! कारण मात्र कोणी कोणाला विचारायचं नाही. सुनेनं सासूदेखत कारण काय सांगावं?

दादा डोकं खाजवत म्हणाला, "रिपोर्टमध्ये काय लिहू? हात का वर केले नाहीत?"

मी म्हटलं, "लिहा, हात रिकामे नव्हते!"

* * *

एकदा गिरजाबाईंनी देवळाला भोंगा घ्यायचं काढलं. वाती टाकायची वेळ आली तशी त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेची वात काढून घेतली आणि दोन्ही ताटात टाकल्या. "आमच्या घरच्या झाल्या!"

सून नवी, मान खाली. ती उठली, ताटातून आपली वात निवडून घेतली आणि परत येऊन बसली. हळूच म्हणाली, "आत्याबाई, सैपाक एक हाय, वात वेगळी हाय."

भोंगा राहिला. गिरजाबाई तीन दिवस फुगून होत्या. मग त्याच सांगत फिरल्या, "मायी सून भल्ली खमकी हाय!"

* * *

सरपंच एकदा मार्गदर्शन करायला आले. खुर्ची शोधली, ती नव्हतीच. बसले चटईवर. मी नम्रपणे सांगितलं, "इथं बोलायच्या आधी प्रत्येकानं एक वात वळायची, असा नियम आहे."

बिचारे मांडीवर कापूस वळता वळता घामेघूम झाले. शेवंतानं ती वात उचलून उजेडात धरली. "सरपंचसायेब, हे वात नोय, बैलाचं दावं होय!"

सरपंच स्वतःच इतके हसले, की मार्गदर्शन राहूनच गेलं.

* * *

मीटिंग आम्ही एकादशीला ठेवायचो. उपासाच्या दिवशी चूल लवकर मोकळी होते ना! त्यामुळे दादाच्या वाट्याला दर खेपेला भगर आणि दाण्याची आमटी. एकदा तो एकादशी नसताना काही कामानं आला, म्हणून मी आग्रहानं भाजीपोळी वाढली. तर म्हणाला, "वहिनी, माझ्या आईला वाटतं मी देवधर्माला लागलो. महिन्याची एकादशी चुकवत नाही म्हणून नवस फेडून आली!"

मी म्हटलं, "मग चुकवू नका आता. आईनं नवस फेडलाय ना!"

* * *

पाळणाघराला सगळ्या वाती आल्या, एक सोडून. भागीरथी मावशींची मूठ मिटलेली. पुढच्या एकादशीला तेच. त्याच्या पुढच्याही. कारण विचारायची सोय नाही, आणि वेचणी तर तोंडावर आलेली. अखेर दादाचा धीर सुटला. "बहुमतानं करून टाकू. एका वातीपायी पोरगं झाडाला बांधलेलं राहणार का?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. मनातल्या मनात मारुतीरायालाही विचारून झालं होतं. पण बोलली ती शेवंताच.

"नाई दादा. आज मावशीले वगळसान, उद्या मले वगळाले किती टाइम लागते?" मग मावशींकडे वळली. "मावशे, तू सावकाश ठरव. बंडू हाय झाडाले बांधेल."

मावशी उठल्या. काठी उचलली आणि घरी गेल्या.

* * *

वेचणी लागली. एका दुपारी मी यजमानांची शिदोरी घेऊन शेतात गेले. शेवंता आमच्याच शेतात वेचत होती. ओळ संपवून तिनं मागं पाहिलं आणि किंचाळली. कडूलिंबाला नुसती लुगड्याची पट्टी लोंबत होती. बंडू नव्हता!

ओटीतला कापूस सगळा सांडला. विहीर जवळच, म्हणून दोघी आधी तिकडंच धावलो. आत वाकून पाहिलं. पाणी स्थिर. वाती वळताना रोज हजारदा घेतलेलं मारुतीरायाचं नाव, पण त्या वेळी ओठांवर येईना.

तेवढ्यात बांधापलीकडून लेकराचं हसू ऐकू आलं.

आंब्याखाली भागीरथी मावशी पाय पसरून बसलेल्या. मांडीवर बंडू, दोन्हीकडं आणखी दोन वेचणारणींची पोरं, आणि पितळीत कुस्करलेली दूध-भाकरी. शेवंता ओरडतच त्यांच्याकडं धावली. रागवावं की रडावं, तिला कळेना.

"वरडू नोको," मावशी म्हणाल्या, "जेवून राह्यला तो."

"अहो मावशी," मला राहवलं नाही, "कालच्या एकादशीलासुद्धा तुम्ही वात दिली नाहीत!"

मावशींनी बंडूचं तोंड पदरानं पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"लेकरू मांडीवर घ्याले मीटिंग लागते काय वो बाई?"