क्षमेच्या ओळीचा खोकला

सकाळपासून धुकं दाटलं होतं आणि पेटीच्या सांध्यांना लावलेला सरस काही वाळायचं नाव घेत नव्हता. म्हणून सुतार झाकणाच्या फळीवर रंधा मारत राहिला. गावातली म्हातारी शिक्षिका गेली होती; तिची शवपेटी दुपारपर्यंत द्यायची होती. आता सत्तरीत दर दहा-बारा हातांनंतर त्याची कंबर बोंब मारायची.

याच कारखान्यात, चाळीस वर्षांपूर्वी, थोरल्या भावानं घाईत करवतीच्या यंत्राचं कव्हर काढून ठेवलं आणि वडिलांची, तात्यांची, तीन बोटं गेली. थोरल्यानं सरळ धाकट्याचं, म्हणजे याचं नाव सांगितलं. वडील मरेपर्यंत याच्याशी बोलले नाहीत. थोरला गाव सोडून गेला.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेतली 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर' ही क्षमेची ओळ आली, की सुताराला खोकला यायचा.

"बरोबर तिथंच कसा हो येतो?" बायको म्हणायची. "एकदा डॉक्टरला दाखवा. नाहीतर देवाला."

पाळकसाहेबांच्याही ते लक्षात आलं होतं. कितीतरी वर्षांनी ते एवढंच म्हणाले, "नुसते ओठ हलवा. बाकीचं तो बघेल."

दहा वर्षं त्यानं ओठ हलवले. मग बारीक आवाज फुटला. त्याला वाटलं, सुटलो. कुठलं काय! सकाळी राग खाली ठेवावा, तर संध्याकाळी जेवायच्या वेळेला तो पाटावर हजर.

"आहेस का रे?"

दारात काठी टेकत थोरला उभा होता. माणूस आटून नुसता कोट उरलेला.

"माझं माप घे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी दोन महिने दिलेत. पेटी तुझ्याच हातची हवी."

"जिवंत माणसाचं माप मी घेत नाही. तुला जन्मभर घाईच."

थोरला हसायला गेला आणि खोकत सुटला. सुतारानं स्टूल पुढं सरकवलं.

"तात्यांना मी खोटं सांगितलं," थोरला खाली बघत म्हणाला. "तू माफ केल्याशिवाय मला मरवत नाही रे."

सुतारानं फळीवरचा भुसा हातानं झटकला. मोठं काहीतरी बोलावं एवढी ताकद त्याच्यात नव्हती.

"हे बघ दादा, मी रोज सकाळी तुला माफ करतो. संध्याकाळपर्यंत ते टिकत नाही, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. आजचं सकाळीच करून झालंय. तेवढं घे."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या करीन. आता रडत बसू नकोस, सरस आधीच वाळत नाहीये. झाकण बिजागऱ्यांवर बसवायचंय, ते टोक धर."

थोरल्यानं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी टोक धरलं.

"हलवू नकोस," म्हणत सुतारानं बिजागरीचा पहिला स्क्रू लावला.