तिजोरीचा आकडा

माझा थोरला भाऊ ऑर्व्हल स्टॅम्पर. आमच्या केंटकीत कायद्याला इतका घाबरणारा दुसरा माणूस शोधून सापडायचा नाही. खाणीवर डंपर चालवायचा, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढायचा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ‘थांबा’ची पाटी दिसली की गाडी थांबवायचा. अशा माणसाने रायफलला सायलेन्सर घ्यावा! पण सुरुंगांनी त्याचा एक कान गेला होता, दुसरा वाचवायचा होता. त्याला सरकारी परवाना लागतो: बोटांचे ठसे, फोटो, आठ महिने वाट. मग एकदाचा शिक्क्याचा कागद आला.

आणि घरात ठिणगी पडली. वकिलाने त्याला सांगितलं होतं, "कागदावर तुझं एकट्याचं नाव. तू नसताना घरातल्या कुणाला ती वस्तू काढता आली, तर दोघंही अडकाल." झालं! ऑर्व्हलने ती नळी रायफलीसोबत तिजोरीत ठेवली, तिजोरी उघडायचा आकडा बदलला आणि बायकोला सांगितलाच नाही.

नडीन, म्हणजे माझी वहिनी, भडकली. "बत्तीस वर्षं तुझे मोजे धुतेय, आणि मला आकडा नाही?"

"तुझंही नाव घालू की कागदावर. फक्त ठसे दे."

"ठसे द्यायला मी काय चोर आहे?"

तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा शिरला. वीतभर नळीसाठी कोण एवढं लपवतं? आत कुणाची तरी पत्रं असणार. मला चारदा विचारलं, "खरं सांग लोरीन, कोण आहे ती?"

"अगं बाई, त्या ध्यानाकडे कोण बघणार?" मी म्हटलं. ती हसली नाही, माझ्याकडेच रोखून बघत राहिली.

तिला काहीतरी वास लागला असणार. मला आकडा ठाऊक होता ना! मी तीस मैलांवर राहते, त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे नाही, म्हणून मला सांगितलेलं चालतं, असं त्याचं गणित. "माझं काही झालं तर उघड. नडीनला बोलू नकोस." आणि मी गाढवासारखी मान डोलावली.

मार्चमध्ये डंपरमधून उतरताना तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "श्वासाचं यंत्र किती दिवस ठेवायचं, याबद्दल त्यांनी काही लिहून ठेवलंय का?" लिहिलं होतं, एवढं आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. कागद तिजोरीत होता.

त्याच दुपारी नडीन तिजोरीपुढे गुडघे टेकून बसली. लग्नाची तारीख झाली, मुलीचा वाढदिवस झाला, कुत्रा घरी आणला तो दिवससुद्धा झाला. दार हलेना. "त्या बाईचाच वाढदिवस असेल," ती पुटपुटली. मला राहवेना. पुढे होऊन मी आकडे दाबले. दार उघडलं.

"तुला सांगितला होता," ती म्हणाली.

"कायद्यामुळे गं. मी इथे राहत नाही म्हणून..."

"वा! म्हणजे घरातली चोर आणि बाहेरची साव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत पत्रंबित्रं काही नव्हती. रायफल, काळी नळी, शिक्क्याचा कागद आणि एक पाकीट. नडीनने ते फोडलं, वाचलं, माझ्या हातात दिलं. ऑर्व्हलचं वेडंवाकडं अक्षर: यंत्र बंद करायचं की नाही ते फक्त नडीन ठरवेल. दुसऱ्या कुणालाही विचारू नये.

"साधा आकडा सांगायचा भरवसा नव्हता मेल्याला," ती म्हणाली, "आणि जीव माझ्या हातात देऊन ठेवलाय." आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी खांद्यावर हात ठेवायला गेले. तिने तो झटकला, डोळे पुसले, गाडीची किल्ली उचलली.

"तू येऊ नकोस," ती म्हणाली. "मी एकटी जाते."