टेक्सासचा तवा

किस्से कुणी जमवत नाही. सीटखाली शेंगांची टरफलं साठतात तसे ते आपोआप साठतात. भोरच्या वाचनालयात आम्ही तिघं रिटायर्ड रोज दुपारी पेपर वाचायला बसतो. मी, गुरुजी आणि आंबवड्याचे नाना, पंचाऐंशीच्या घरातले. मी एसटीत कंडक्टर होतो. कुणी "पास आहे" म्हणालं की मी आधी पास बघणार. नोकरी सुटली, खोड सुटली नाही!

*

जुन्या कपाटात बिल टॅकर नावाच्या लेखकाच्या अकरा कादंबऱ्या सापडल्या. साठेक वर्षांपूर्वीच्या. घोडे, पिस्तुलं, शेरीफ, सगळा टेक्सास, आणि सगळा अस्सल मराठीत! नाव टोपण आहे हे उघडच होतं.

"हा असेल तरी कोण?" गुरुजी म्हणाले.

पेपरामागून नाना म्हणाले, "म्याच ल्हिलंय त्ये."

नाना पुण्याला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, हे आम्हाला माहीत होतं. लिहायचे हे आजच कळलं. मला तेव्हाच वास आला. साठ वर्षं गप्प बसलेला लेखक मी तरी पाहिलेला नाही!

वाचनालयानं मात्र लगेच सत्कार ठरवला. शाल आणायला माणूससुद्धा गेला. माझ्या हातात पंधरा दिवस होते.

*

"नाना, टेक्सास कधी पाहिलंत?"

"वेल्ह्याच्या म्होरं गेलं की टेक्सासच की!"

"पण तुमचे दरोडेखोर कारवीच्या झुडपांत लपतात. ती आपल्या सह्याद्रीतली, तिकडं कुठली कारवी?"

"टॅकरच्या टेक्सासात हाय. पटत न्हाई त्यानं जाऊन बघावं!"

वेल्हे म्हणजे काकूंचं, नानांच्या बायकोचं, माहेर. मी हे डोक्यात ठेवलं.

*

एका कादंबरीत शेवटी एकाच गोळीत तिघं मरतात. गुरुजींनी कारण विचारलं.

"पान संपत आलं व्हतं! मालक म्हनला, कागद वाढवून मिळनार न्हाई. मग तिघास्नी एका रांगेत हुभं क्येलं."

गुरुजी लई खूश! मी नाही. पानं, शाई, खिळे, सगळं नाना घडाघडा सांगायचे. पण "हे सुचलं कसं?" विचारलं की त्यांना खोकला यायचा. दरवेळी!

*

मग मला ते पान सापडलं. शेरीफ एकटाच भाकरी भाजतोय. तवा उतरवून पालथा घालतो, तर बुडाच्या काजळीत ठिणग्या चमकतात. "तवा हसला," तो म्हणतो, "कुणीतरी येतंय." आणि खुंटीवरची बंदूक काढतो.

"नाना, तवा हसतो म्हणजे काय हो?"

"म्हंजे... तापला की वाजतो न्हवं का."

पास खोटा!

*

सत्काराच्या आदल्या दिवशी गुरुजींना घेऊन आंबवडं गाठलं. नानांना तोंडावरच विचारायचं ठरलं होतं. काकू गॅसवर चहा टाकत होत्या.

"काकू, न कळवता आलो बरं का," मी म्हणालो.

"आता कळनार कसं? ग्यासवर तवा हसतो व्हय?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. नानांना खोकला लागला. या वेळी त्यांनी नजर चुकवली नाही, हात जोडल्यासारखे बघत राहिले. मला त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही आला. विचारायचं ते पोटातच राहिलं. चहा पिऊन निघालो.

*

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरलेला. अध्यक्षांनी शाल उलगडली आणि हौसेनं विचारलं, "टॅकरसाहेब, अकरा झाल्या, बारावी का नाही लिहिलीत?"

नानांना खोकला आला. पाणी दिलं तरी थांबेना. अध्यक्ष शाल धरून तसेच उभे.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून काकू उठल्या. पदर सारखा केला.

"त्येंना काय इचारताय? पुन्याला घरात ग्यास आला, माझं चुलीपुढं बसून सांगनं सुटलं!"