नावाचं कडवं

"कडी लावली का?"

आमच्या गायन पार्टीचे नवे गायक सूर लावायच्या आधी हेच विचारायचे. विचारून भागायचं नाही. स्वतः उठून कडी ओढून बघायचे. मग गळ्यातला माप घ्यायचा टेप मुठीभोवती गुंडाळायचे आणि असे गायचे, की बेंजोवाला वाजवायचं विसरायचा.

नदीतून वाळू चोरणाऱ्यांवर आम्ही गाणी करतो. पत्रकं मी लिहितो, पण लोक पत्रकावर भजी खातात. गाणं मात्र घरी नेतात. म्हणूनच मार पडला तो गायकाला. आमच्या जुन्या गायकाला नदीच्या रस्त्यावर गाठून जबडा मोडला. पोलिसांनी तक्रारीत काय लिहिलं? 'मोटारसायकलवरून पडला.' लिहिणाऱ्याचा हात कसा थरथरला नाही, तुम्हीच सांगा!

अल्बम अर्धा राहिला. तेव्हा हे काका आले. पुसेगावकडचे शिंपी, गावच्या भजनात गाणारे. आवाज थेट जुन्या गायकासारखा.

"मला लई भेव वाटते, भाऊ," पहिल्याच दिवशी म्हणाले.

"मग आलात काहून?"

"घरी बसून काय कमी वाटून राहिलं?"

स्टुडिओ म्हणजे वारंगा फाट्यावर मोबाईलच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. खाली वाळूचा टिपर थांबला की काका गाता गाता थांबायचे. गिटारवाला हसायचा, पण खिडकीतून वाकून बघायचा तोही.

"काका, भिऊ नका," स्टुडिओवाला म्हणाला. "इथून आवाज बाहेर जात न्हाई."

"मग गाऊन काय फायदा?"

आपल्याकडे पार्टीच्या गाण्यात शेवटचं कडवं नावाचं. गाणारा त्यात आपलं नाव-गाव गुंफतो. या अल्बममध्ये ते गाळायचं आम्ही ठरवलं. तिथं नुसती गिटार वाजणार होती.

शेवटचं गाणं. गिटार सुरू झाली आणि काकांनी डोळे मिटून स्वतःचं नाव घेतलं. गावासकट.

गिटार बंद पडली. मी आत घुसलो. "काका, नाव न्हाई घ्यायचं ठरलं होतं ना!"

त्यांनी मुठीभोवतीचा टेप आणखी आवळला. "बिननावाचं गाणं लोक कोणाचं समजतील? त्याचंच. आवाज सारखा हाय. त्याचा जबडा आत्ता कुठं जुळून राहिला, बाबा. पुन्हा त्यालाच मारतील."

गिटारवाल्यानं पुन्हा तार छेडली. ते कडवं आम्ही ठेवलं.

अल्बम मोबाईलवरून गावोगाव गेला. एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "दोघं आले होते दुकानात. शर्ट शिवायचा म्हणले. कापड आणलं न्हाई, माप दिलं न्हाई. नुसते बसून राहिले."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दाराला कुलूप. फोन बंद. शेजारची म्हातारी म्हणाली, "बहिणीकडं गेलं वाटते ते. कोणत्या गावी, ते इचारू नको. मला ठाऊक न्हाई अन् तुलाबी नसलेलंच बरं."

परतताना वारंगा फाट्यावर चहा घेत होतो. वाळूनं भरलेला टिपर समोर येऊन थांबला. केबिनमध्ये आमचंच गाणं, मोठ्या आवाजात. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून होता. गिटार सुरू झाली. ड्रायव्हरची बोटं थांबली. त्यानं आवाज आणखी वाढवला, आणि काकांनी भर रस्त्यात आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

मी उघड्यावर उभा होतो, आणि माझा हात कडी शोधत होता.