धुळीतली बातमी

कॉलेजातले सोबती विचारतात, तुमच्या घरात पहिल्यांदा लिहायला कोण शिकलं? मी म्हणतो, मीच. पण ते म्हणताना जीभ थोडी अडखळते. कारण अक्षराचं नवल आमच्या घरात माझ्याआधी वडिलांना कळलं, असं मला वाटतं. त्यांना स्वतःला एकही अक्षर येत नव्हतं. हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

आमचं गाव अमरावतीच्या वाटेवर. दूर अमेरिकेत लढाई सुरू होती, आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. वेचणीला माणूस मिळेना. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची, तीही ओस पडत चालली. जुने पंतोजी एक अक्षर महिनाभर गिरवून घेत. हात थांबला की छडी. त्यापेक्षा वावर बरं, असं आम्हालाही वाटे.

मग अकोल्याकडून नवे मास्तर आले. त्यांनी छडी कुठे ठेवली, कोणाला दिसली नाही. धूळपाट्या मात्र त्याच राहिल्या: लाकडी फळी, तिच्यावर विटेचा चाळलेला भुगा, लिहायला काडी. मास्तरांनी आमच्या दोन टोळ्या केल्या. एक ओसरीत, दुसरी नाल्यापलीकडच्या चिंचेखाली. ओसरीतल्याने बातमी लिहायची, एकाने पाटी पळवत न्यायची, पलीकडच्याने मोठ्याने वाचायची. वाटेत तोंड उघडलं की तो डाव बाद. भुगा सांडला तरी बाद. आम्ही 'माकड पळालं'पासून 'मास्तरची पगडी वाकडी'पर्यंत सगळं लिहिलं. मास्तर ते वाचून हसायचे आणि पगडी सरळ करायचे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी वावरात जायचा तो शाळेत पळालो. थोड्या वेळाने वडील ओसरीपुढे उभे.

"चाल रे. तिकडं बोंडं फुटून राहिले अन् तू इथं मातीत काड्या फिरवून राहिला. मास्तर, याचं नाव काढून टाका. आता हा येत नाही."

मास्तर उठले. "न्या, भाऊ. पोरगा तुमचाच आहे. फक्त एक डाव तुम्ही खेळून जा."

"मी का लेकरू आहो?"

"गावात कोणालाच ठाऊक नाही असं काहीतरी याच्या कानात सांगा."

वडिलांनी आजूबाजूला पाहिलं. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "पहाटे तांबडी जनली. गोऱ्हा आहे. कपायावर चांद आहे." आमच्या तांबड्या गाईला कपाळावर चांद असलेला गोऱ्हा झाला, हे मलाही तेव्हाच कळलं. मी जसं ऐकलं तसंच लिहिलं.

पाटी न्यायला एक पोरगा पुढे आला, तर वडिलांनी त्याला हटकलं. "हट! तुमी पोट्टे वाटेत कुजबुज करसान. मीच नेतो."

दोन्ही हातांवर पाटी घेऊन ते निघाले. काठोकाठ भरलेलं दूध न्यावं तसे. नाल्यात वारा होता, म्हणून त्यांनी पाठ करून पाटी आडोशाला धरली आणि उलट्या पावलांनी चढण चढले. ओसरीतलं कोणी हसलं नाही. मी मागोमाग गेलो.

चिंचेखाली माळ्याचा मुलगा होता, सात वर्षांचा. त्याने बोट ठेवत वाचलं, "पहाटे... तांबडी जनली. गोऱ्हा आहे. कपायावर... चांद आहे."

वडिलांचा चेहरा उतरला की उजळला, मला आजही सांगता येत नाही. "कोणं सांगतलं रे तुले?"

"तुमीच तर आणलं, काका."

"मी? मी तर बोललोच नाही!"

"मंग!" पोरगा म्हणाला, आणि पुढच्या डावासाठी त्याने पाटी हलवायला घेतली. वडिलांनी त्याचं मनगट धरलं. "थांब जरासं." ते उकिडवे बसले. आपण उचलून आणलेल्या त्या रेघांकडे पाहत राहिले. कौंडण्यपूरच्या देवळात गाभाऱ्यापुढे ते असेच बसलेले मी पाहिले होते. मग त्यांनी मनगट सोडलं. एका झटक्यात भुगा कोरा झाला, आणि त्यांच्या तोंडून "अरे!" निघालं.

परत ओसरीशी आल्यावर ते मास्तरांना म्हणाले, "याले राहू द्या." माझ्याकडे न पाहता ते एकटेच वावराकडे गेले.

त्या हंगामात आमच्या धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ओळी शेवटपर्यंत वेचून झाल्या नाहीत. कापूस गळून मातीत मिसळला. आईने एकदा त्यावरून टोमणा मारला, तेव्हा वडील म्हणाले, "गयू दे." मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी कोणी उठवायच्या आत उठलो आणि शाळेत गेलो.