रस्त्याच्या पल्याडून वाचता यावं

मोताळ्यात मी ज्यांच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकलो, ते चाचा रंगवलेली पाटी जवळून बघूच द्यायचे नाहीत. "इथून काय पाहून राह्यला बे? रस्त्याच्या पल्याड जाय. तिथून वाचता आली तं पाटी, नाही तं नुसता रंग." बाजाराच्या दिवशी ऑटो चुकवत मी पल्याड जायचो. शाळा नववीतच सुटली होती. अक्षर खरं शिकलो ते त्या रस्त्यावर. फ्लेक्स आले, पाट्यांचं काम बसलं, तेव्हा चाचांनीच मला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसवून दिलं.

तिथून पुण्यात आलो. तिथल्या एका छोट्या ऑफिसच्या मॅडमनी शाळेचा दाखला न विचारता वेबसाइट बनवायच्या कामावर घेतलं. ते उपकार विसरलेलो नाही. म्हणूनच त्या दिवशी त्यांनाच नाही म्हणणं जड गेलं.

काम एका बियाणे कंपनीचं. बियाण्याला औषध कसं लावायचं, किती लावायचं, ते पान शेतकरी फोनवर वाचणार. मॅडमना अक्षर बारीक हवं होतं, फिकट राखाडी, ओळी जवळजवळ. ऑफिसात देखणं दिसायचं. पण वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर बसत होते. मी अक्षर मोठं केलं, काळं केलं, ओळी मोकळ्या केल्या.

"हे काय, किराणा दुकानाची पाटी?"

"काऊन, पाटी वाईट असते का?" घाबरलो की माझी वऱ्हाडी बाहेर पडते. शेजारच्या टेबलावरचा पोरगा फिस्सकन हसला.

"कंपनीला नाही आवडलं तर काम जाईल. मग तुझंही."

"जाऊ द्या. पण औषधाचं माप दिसणार नाही असं पान मी बनवणार नाही. खाली उन्हात चला, मॅडम, तिथं बघा."

त्या आल्या नाहीत. मीच पार्किंगमध्ये गेलो, त्यांचं पान फोनवर उघडलं. अक्षरांऐवजी काचेत माझंच तोंड दिसलं. वर येऊन तसंच सांगितलं.

मॅडमनी माझा स्क्रीन स्वतःकडे वळवला. "शीर्षक मी म्हणते तसं बारीक. खालचा मजकूर तुझा. कंपनीनं विचारलं तर उत्तर तू द्यायचं."

"देईन."

कंपनीला पान पाठवलं. संध्याकाळी चाचांनाही लिंक धाडली. लगेच फोन आला.

"दिसते बे. चष्मा नाही लावला मी."

कंपनीचं उत्तर यायचं होतं. म्हटलं, येऊ दे.