राधीचा सरळ गोळा

शहरातल्या मैदानावर गोळाफेकीच्या निवडीत माझ्या पोरीचे, राधीचे, पहिले दोन गोळे रेषेबाहेर पडले आणि मी भिंतीकडच्या बाभळीखाली बसून खंडोबाशी भांडायलाच लागले. "डोळे दिले न्हाईस, बरं. ताकद दिलीस, ती बी अशी वाया घालवतूस का रं?" भंडाऱ्याची पुडी कमरेला होती, पण हात लावावासा वाटेना. तिसरा गोळाही बाहेर गेला की राज्याच्या संघाचं दार बंद, एवढं मला कळत होतं.

आमची मेंढरं युसूफ वडगावच्या शिवारात चरतात. राधी जन्मापासून आंधळी, पण बापामागं हिंडून नुसत्या घंटीवरून चुकार मेंढरू ओळखायची आणि दगड भिरकावून त्याला कळपात वळवायची. काय हात होता, माय गं! तो बघूनच शाळेतल्या सरांनी तिला लोखंडी गोळा दिला. सर समोर लांब उभे राहून टाळ्या वाजवायचे, ही त्या आवाजाच्या रोखानं फेकायची. पण गोळा आपला सारखा उजवीकडंच. सरांनी तिचे पाय बदलले, खांदा बदलला, काही फरक पडला नाही.

मी अशी रुसून बसलेली, तेवढ्यात भिंतीपलीकडच्या रस्त्यानं घंट्या वाजवत एक कळप गेला. भर शहरात कुणाची मेंढरं, कुठं निघालेली, खंडोबालाच ठाऊक. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्यात दगड कधी मेंढरावर मारत नाहीत, त्याच्या शेजारी टाकतात, म्हणजे ते दचकून वळतं. पोर सरांना वाचवत होती!

पळत जाऊन सरांना सांगितलं. ते हसलेच. पंचांना विचारून म्हणाले, "मावशी, मग तुम्हीच उभ्या राहा समोर."

त्यांच्या जागेवर उभी राहून मी ओरडले, "राधे, हितं मेंढरू न्हाई, तुझी माय हाय. टाक माझ्या अंगावर!"

"लागल की गं!"

"देव हाय मधी. टाक म्हन्ते ना!"

ती जरा थबकली. मग सगळं अंग झोकून तिनं गोळा सोडला. तो धप्पकन माझ्या समोर, बरोबर मधोमध पडला आणि माती माझ्या पायांवर उडाली. तिथवर तिचा गोळा आजवर कधी पोचलाच नव्हता. मी रडत भंडारा काढला आणि देवाआधी पोरीच्या खांद्याला लावला.

राधी राज्याच्या संघात गेली. आता ती थाळी फेकते, भालाही फेकते, देशभरातून पदकं आणते. लई अभिमान वाटतो. मी मात्र जन्मभर देवाला हाका मारल्या, पण काळजी त्याच्यावर न टाकता शेजारीच, माझ्यापाशी ठेवली. पोरीनं सरळ फेकून दाखवलं तेव्हापासून माझाही भार मी सरळ त्याच्यावरच टाकते.